हिस्टरी डिलीट करूनही जुने सर्च परत दिसतायत, लवकर सांगा

निळीशाई: हिस्टरी रोज उडवतेय, उघडून बघितली तर रिकामी असते, तरी वर एक अक्षर टाईप केलं की जुनं सगळं खाली धावत येतं. कुठून येतंय हे? वर्डच्या आयकॉनवर राइट क्लिक केलं तर डिलीट केलेल्या फायलींची नावं पण तशीच. संध्याकाळी कॉम्प्युटर दुसऱ्याच्या हातात जाणार आहे, प्लीज.

गजरा: ब्राउजर कोणता? विंडोज का मॅक?

सरळसोट: कंट्रोल शिफ्ट डिलीट दाबा, वर ऑल टाइम निवडा. बरेच जण ते न बघता फक्त शेवटच्या तासाचं पुसतात.

निळीशाई: ऑल टाइमच करते हो.

झाडूवाला: सीसीक्लीनर टाका, सफाईचं सॉफ्टवेअर आहे, एका क्लिकमध्ये काम. मी वर्षानुवर्षं वापरतोय.

जुनाखेळाडू: नका टाकू. 2017 मध्ये त्याच्या अधिकृत 5.33 आवृत्तीतच मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, घुसवलं होतं आणि वीस लाखांहून जास्त लोकांनी ते विश्वासाने उतरवून घेतलं.

झाडूवाला: ते तेव्हाच दुरुस्त झालं, किती वर्षं तेच धरून बसणार.

डिस्कडॉक्टर: डिलीट केलेलं रिकव्हर होतं हे विसरू नका, डिस्कवर 35 वेळा ओव्हरराइट मारा, म्हणजे जुन्यावर नवीन डेटा लिहा, गटमन पद्धत.

जुनाखेळाडू: डॉक्टर, तो गटमनचा पेपर 1996 चा, तेव्हाच्या हार्ड डिस्कसाठी. एसएसडीमध्ये, म्हणजे चिपवाल्या डिस्कमध्ये, तिचा कंट्रोलर नवीन डेटा भलतीकडेच लिहितो, 35 वेळा मारून उपयोग नाही. आणि त्यांनी हे विचारलेलंच नाही.

गजरा: ब्राउजर सांगा हो आधी! क्रोममध्ये गूगल अकाउंटने लॉगिन आहे का?

निळीशाई: क्रोम, विंडोज 10. लॉगिन आहे, घरात सगळ्यांचं एकच अकाउंट आहे, टॅबवर पण तेच.

गजरा: मग तिथेच आहे गोम. क्रोमची हिस्टरी वेगळी, अकाउंटची वेगळी. गूगल अकाउंटच्या माय ॲक्टिव्हिटी पानावर जा, केलेले सर्च तिथे साठतात आणि तिथूनच सुचवले जातात. एखादंच सुचवलेलं काढायचं तर ॲरोने त्यावर या आणि शिफ्ट डिलीट. वर्डच्या यादीत नावावर राइट क्लिक करून रिमूव्ह फ्रॉम धिस लिस्ट, पण वर्ड उघडल्यावर रीसेंट म्हणून वेगळी यादी असते तिथूनही काढा. रीसायकल बिन बघितलंत?

सरळसोट: पुढच्या वेळी इन्कॉग्निटो, म्हणजे हिस्टरी न ठेवणारी विंडो, वापरा, प्रश्नच मिटला.

जुनाखेळाडू: मिटत नाही. डाउनलोड केलेली फाईल तशीच राहते, आणि ऑफिसच्या नेटवर्कवर असाल तर कुठल्या साइटवर गेलात ते त्यांना कळू शकतं.

रातराणी: ताई, एक विचारू? कोणापासून लपवायचंय? नसेल सांगायचं तर राहू दे.

निळीशाई: घरच्यांपासून. वकिलांची माहिती शोधत होते, त्यांना पाठवायला टाईप केलेलं पण आहे. एवढंच सांगते.

रातराणी: मग वरच्या निम्म्या सल्ल्यांकडे लक्ष देऊ नका. घरात कोणी नजर ठेवून असेल तर एकदम सगळं साफ झालेलं लगेच डोळ्यात येतं, आणि सिंक, म्हणजे एका अकाउंटवरची सगळी डिव्हाइस जुळवून ठेवणं, चालू असेल तर इथली हिस्टरी उडवली की टॅबवरची पण जाते. रोज सगळं पुसणं बंद करा. फक्त त्याच नोंदी काढा, बाकी रोजचं राहू द्या. त्या अकाउंटचा पासवर्ड तर बदलूच नका, बाकीच्या डिव्हाइसवर सूचना जाते. यापुढचं शोधणं विश्वासातल्या मैत्रिणीच्या फोनवर, स्वतःचा नवीन ईमेल काढून, आणि रिकव्हरीला घरातला नंबर देऊ नका.

झाडूवाला: हे आधी सांगितलं असतं तर मी सीसीक्लीनर म्हणालोच नसतो. नवीन सॉफ्टवेअर दिसलं की विचारतील, खरंच नका टाकू.

निळीशाई: शिफ्ट डिलीटने गेलं. माय ॲक्टिव्हिटीतली वकिलांची नावं एकेक काढतेय. वर्डमधून मजकूर कॉपी केला होता, तो कुठे राहतो का?

गजरा: विंडोज आणि व्ही एकत्र दाबा. यादी उघडली तर त्यातून काढा. चालू करायचं का असं विचारलं तर नाही, तसंच बंद करा.

कोकरू: माझ्या मोबाईलवर यूट्यूबचं पण असंच होतंय, कोणी सांगेल का?

रातराणी: कोकरू, वेगळा धागा काढा ना. ताई, झालं की इथे फक्त "झालं" लिहा. आणि या पानाचीही नोंद काढा.

निळीशाई: झालं.