मदत हवी आहे : बोटीचे नाक उंच राहते, बोट प्लेनिंगवर (पाण्यावर उचलून सपाट धावण्याच्या स्थितीत) येत नाही

२०१९च्या महापुरानंतर आम्ही कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीत चौदा फुटी फायबर बोट आणि २५ अश्वशक्तीचे आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून बसवायचे) इंजिन घेतले. पंचगंगेत सराव करताना वेग वाढवला की बोटीचे नाक आभाळाकडे जाते, समोरचे पाणी दिसेनासे होते आणि चौघे बसले तर बोट प्लेनिंगवर येतच नाही. चालक, २४ लिटरची टाकी आणि बॅटरी, सारे वजन मागेच आहे. ट्रिमची (इंजिनाचा कोन ठरवणारी) पिन बोटीच्या मागच्या फळीला सर्वांत जवळच्या छिद्रात बसवल्यावर (बोटे सोलली ती वेगळीच) थोडा फरक पडला. पूर्ण थ्रॉटलवरही इंजिनाचे आरपीएम (मिनिटाला फेरे) पुस्तिकेतल्या आकड्यापर्यंत पोचत नाहीत, म्हणून मला पंख्याच्या पिचचाही (एका फेऱ्यात पंखा जितके अंतर पुढे सरकेल त्या मापाचाही) संशय येतो. आधी टाकी व बॅटरी पुढे न्यावी, की कमी पिचचा पंखा लावावा? टाकी पुढे नेल्यास इंधननळी किती लांबवता येते, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.