ऑटो इक्वलायझर चालू ठेवायचा की हाताने लावलेलाच बरा? सॅटेलाइट लिंकवाल्यांनी बोला

मांडवीकाठी:
मी व्हॅनवर असतो, इफ्फीला कांपालला, शिगम्याला कधी पणजी कधी फोंडा, लाइव्ह जिथे असेल तिथे डिश उभी करायची. परवा एका सीनियरशी जोरात वाद झाला, ते म्हणाले ऑटो इक्वलायझरने तुम्हा पोरांना आंधळं केलंय, लिंक समजून न घेता बटण दाबता. मला हे अजिबात पटलेलं नाही. इक्वलायझर म्हणजे वाटेत वाकडा झालेला सिग्नल सरळ करणारा भाग, ऑटो असेल तर तो स्वतःच जुळवून घेतो. ट्रान्सपॉन्डर (सॅटेलाइटवरचा, सिग्नल घेऊन परत खाली पाठवणारा भाग) समजा ३६ मेगाहर्ट्झचा, त्याच्या फिल्टरमुळे कडेच्या फ्रिक्वेन्सी मधल्यांपेक्षा उशिरा पोचतात, मग एक सिम्बॉल (एका वेळी पाठवलेला सिग्नलचा तुकडा) शेजारच्यावर सांडतो. ८पीएसकेला (सिम्बॉलच्या ८ शक्य जागा) ते बऱ्यापैकी खपतं पण ३२एपीएसके (३२ जागा) लावलं की स्क्रीनवरचे त्या जागांचे ठिपके फुगून एकमेकांत जातात. पूर्वी यासाठी नेटवर्क अ‍ॅनालायझर लावून कॅव्हिटी फिल्टरचे स्क्रू फिरवत बसायचे, एका स्क्रूने ग्रुप डिले (फ्रिक्वेन्सीनुसार होणारा हा उशीर) सुधारला की दुसरीकडे बिघडायचा. आता रिसिव्हर ठिपका कुठे पडायला हवा होता आणि कुठे पडला तो फरक मोजतो आणि त्याप्रमाणे टॅप (मागचे-पुढचे सिम्बॉल किती प्रमाणात मिसळायचे ते आकडे) थोडे थोडे हलवतो, सेकंदाला लाखो वेळा. विड्रो आणि हॉफने १९६० ला हे गणित दिलं, बेल लॅब्जच्या लकीने १९६५ च्या सुमारास टेलिफोन लाइनवर आपोआप जुळणारा इक्वलायझर चालवून दाखवला. साठ वर्षं घासून झालेली गोष्ट आहे. लाइव्हच्या आधी माझ्या हातात वीस मिनिटं असतात, आज हा सॅटेलाइट उद्या तो, मी स्क्रू कधी फिरवू?

फोंड्याचा जुना:
स्क्रू फिरवा असं कोणीच म्हणत नाही रे. अडचण वेगळी आहे. आमच्या हेडएंडला (सॅटेलाइटचे चॅनल घेऊन केबलवर सोडायची जागा) एक सी बँड (कमी फ्रिक्वेन्सीचा) रिसिव्हर होता, पूर्ण मे-जून मस्त चालला, एमईआर (ठिपके किती नेमके पडतात याचा आकडा) एकदम सरळ रेघ. चवथीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी धाडकन गेला. बघतो तर एलएनबीच्या (डिशच्या तोंडाशी बसवलेला, सिग्नल घेणारा डबा) कनेक्टरमध्ये पाणी, आतली तार हिरवी पडलेली. तारेची ही अवस्था एका दिवसात होत नाही, किती आठवडे आत पाणी मुरत होतं देव जाणे, आणि इक्वलायझर ते निमूटपणे झाकत होता. हाताने लावलेला असता तर पहिल्याच आठवड्यात एमईआर पडला असता आणि मी शिडी लावून वर गेलो असतो. पावसाळ्याच्या ऐन मध्यात, सणाच्या आदल्या रात्री साडेअकराला मी गच्चीवर भिजत होतो, ते मला विसरता येत नाही.

वास्को बंदर:
काकांशी सहमत. मी जहाजांवरचे व्हीसॅट (छोट्या डिशचे सॅटेलाइट लिंक) बघतो, मिठाच्या हवेने कनेक्टर खाल्लेला आठवड्याला एक तरी सापडतो आणि मोडेमचा स्क्रीन सगळा हिरवा.

मांडवीकाठी:
काका, तुमची गोष्ट वाचून खरंच वाईट वाटलं, पण तीच माझ्या बाजूची आहे. हिशेब करा. केबल समजा २० मीटर, खराब टोकावरून परतून पुन्हा पुढे येणारा सिग्नल जास्तीचे ४० मीटर फिरतो, केबलमध्ये वेग प्रकाशाच्या साधारण ८० टक्के, म्हणजे १६५ नॅनोसेकंदांच्या आसपास उशीर. सेकंदाला ३० मेगासिम्बॉल (तीन कोटी) नेणाऱ्या कॅरियरला एक सिम्बॉल ३३ नॅनोसेकंदांचा, म्हणजे मधल्या टॅपपासून पाचवा टॅप मोठा होत गेला असणार, तोही दर आठवड्याला थोडा थोडा. बिघाड कुठे आहे हे इक्वलायझर अंतरासकट सांगत होता, पण कोणी विचारलंच नाही. एमईआर इक्वलायझर लावल्यानंतरचा, तो सरळच दिसणार. रोज सकाळी टॅपचे आकडे उतरवून ठेवले असते तर जुलैमध्येच कळलं असतं. मशीनने दुरुस्त केलं यात चूक नाही, किती दुरुस्त केलं हे आपण बघत नाही ती चूक.

फोंड्याचा जुना:
हे मान्य. पण ते आकडे दाखवणारे रिसिव्हर किती आहेत? आमच्याकडच्या निम्म्यांत तो मेनूच नाही. घेताना ही अट घाला असं सगळ्यांना सांग मग.
आता पावसाचं बोल. केयू बँडला (जास्त फ्रिक्वेन्सीचा) आपल्याकडे आर्द्रेत एक सर आली की सिग्नल एवढा खाली जातो की रिसिव्हर ठिपका अंदाजाने ठरवतो. अंदाज चुकला की मोजलेली चूकही चुकीची, आणि टॅप भलतीकडे जातात. सर थांबते, सिग्नल परत येतो, तरी लॉक नाही, म्हणजे रिसिव्हर सिग्नल पकडतच नाही. पावसाने गेलेली पॉवर इक्वलायझर कुठून आणणार, उलट जिथे सिग्नल कमी तिथे तो नॉइजसुद्धा वाढवतो.

वास्को बंदर:
आणि टीडब्ल्यूटी (सॅटेलाइटवरचा सिग्नल मोठा करणारा भाग) पूर्ण ताकदीला दाबून चालवला की जे वाकडं होतं ते वेगळंच. बाहेरच्या रिंगचे ठिपके आत येतात आणि फिरतात. रिसिव्हरच्या साध्या इक्वलायझरला ते सुटत नाही, ते पाठवतानाच उलट वाकवून पाठवावं लागतं. त्यासाठी आपलाच सिग्नल वरून परत येईपर्यंत पाव सेकंद थांबा. एवढ्या उशिराच्या माहितीवर आपोआप ट्यूनिंग कसं भरवशाचं?

मांडवीकाठी:
वास्को, पाव सेकंदाने काय बिघडतं? वरचा अ‍ॅम्प्लिफायर एका क्षणात बदलत नाही, तो तापतो-गार होतो तसा हळूहळू सरकतो. विषुवदिनाच्या आसपास सॅटेलाइट रोज पृथ्वीच्या सावलीत जातो तेसुद्धा फार तर ७२ मिनिटं. दर काही मिनिटांनी उलट वाकवायचे गुणक बदलले तरी पुरे. हाताने लावलेला मात्र सहा महिने तसाच राहतो, तापमान काहीही असो.
काका, पावसाचा मुद्दा बरोबर, पण तो पायलट (आधीच ठरलेले सिम्बॉल) बंद ठेवल्यामुळे जास्त छळतो. डीव्हीबी-एस२ (सॅटेलाइटवरून सिग्नल पाठवायची ठरलेली पद्धत) मध्ये दर १४४० सिम्बॉलनंतर रिसिव्हरला आधीच माहीत असलेले ३६ सिम्बॉल येतात, तिथे अंदाज करायची गरजच नाही. अडीच टक्क्यांहून कमी जागा जाते आणि ती वाचवायला लोक ते बंद करतात, हे मला खरंच समजत नाही.

फोंड्याचा जुना:
पायलट आमच्या हातात नाहीत, पाठवणारा ठरवतो. खाली बसलेल्याने काय करायचं ते सांग. मी म्हणतो ठरावीक पातळीखाली सिग्नल गेला की टॅप जागच्या जागी थांबवा.

मांडवीकाठी:
थांबवा, शंभर टक्के. फक्त सर गेल्यावर शून्यापासून सुरू करू नका, थांबण्याआधी एक मिनिट होते त्या आकड्यांवरून पुढे न्या, कारण शेवटच्या काही सेकंदांचे टॅप आधीच पावसात बिघडलेले असतात.