मदत हवी आहे: घरपट्टी थकलीये आणि वसुलीवाल्याचे फोन चालू झालेत

मंडळी, जरा गोंधळ झालाय. तीन वर्षं घरपट्टी भरायची राहिली, पैसे नव्हते असं नाही, बिलं जुन्या पत्त्यावर जात होती आणि मी पण कधी ऑनलाईन चेक केलं नाही, चूक माझीच. आता थेट जप्तीची नोटीस आलीये, वर कुणीतरी वसुली एजंट रोज फोन करून त्याच्या स्वतःच्याच खात्यावर पैसे टाकायला सांगतो. एक पैसा दिला नाहीये, आधी लेखी हिशोब द्या म्हटलं तर फोनच आपटला. मूळ रकमेपेक्षा दंड-व्याजच जास्त टोचतंय. कुणी हप्ते बांधून घेतलेत का? नुसता अर्ज केला तर जप्ती थांबते का? आणि थोडे पैसे आत्ता भरले तर मुद्दलातून वजा होतात की आधी व्याजातच जिरवतात?