बेकरीत नाणं टाकून चालणारी मशीन ठेवायची आहे, परवाना फी कुठं भरायची?

विश्रामबागकर:
मंडळी, सांगलीत शंभर फुटी रोडला आमची बेकरी आहे, पुढं थोडी मोकळी जागा आहे तिथं एकजण पोरांची डुलणारी गाडी ठेवतो म्हणतोय, दहाचं नाणं टाकलं की गाणं वाजवत हलते ती, आणि सोबत काचेची पेटी, पंजानं टेडी उचलायची. मशीन त्याची, जागा न् लाईट आमची, गल्ला निम्मा निम्मा. तो म्हणतो कसलंच लायसन लागत नाही, शेजारचा झेरॉक्सवाला म्हणतो महापालिकेची वर्षाची फी असते शिवाय पोलिसांचं पण लागतं. शॉप ॲक्ट आहे की, त्यात नाही का बसत हे?

हळदीचं_पेव:
नाही बसत. शॉप ॲक्ट म्हणजे दुकान आहे एवढंच सांगणारा कागद, 2017 च्या कायद्यापासून कामाला थोडीच माणसं असली तर नुसतं कळवायचं असतं. माझं मिरजेत व्हिडिओ गेम पार्लर होतं, तेव्हा करमणूक कर मशीन मोजून भरायला लागायचा, बंद पडलेली दोन मशीन मी चादर टाकून मागच्या खोलीत ठेवायचो मोजणीत येऊ नयेत म्हणून 😄 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि राज्याचा तो कर गेला, तेव्हापासून लोकांना वाटतंय सगळंच माफ झालं. कर गेला हो, परवाना कुठं गेला. करमणुकीच्या जागेचे नियम पोलीस कायदा 1951 च्या कलम 33 खाली येतात, महापालिकेची फी वेगळी. परवाना विभागात दोन्ही मशीनचे फोटो लावून साधा अर्ज द्या, पोच घ्या.

कंदी_पेढा:
साताऱ्यातनं बोलतोय. फीचं राहू दे, आधी ती टेडीची पेटी बघा. गाडीत पैसे टाकले की पोरगं बसतं, विषय संपला. पेटीत पैसे टाकून बक्षीस मिळेल का नाही हे नशिबावर, आणि तिथं 1887 चा जुगार कायदा आडवा येतो. कलम 13 मध्ये निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट आहे, पण पंजा किती घट्ट धरणार हे मशीनवाला आतनं सेट करतो, मग कौशल्य कुणाचं? धाड पडली तर जागा तुमची म्हणून पंचनाम्यात पहिलं नाव तुमचं, तो टेम्पो घेऊन गायब.

विश्रामबागकर:
बाप रे. पण तो म्हणतो घेतली तर दोन्ही घ्या, नुसती गाडी परवडत नाही त्याला.

वजनकाटा:
यातच कळलं की कमाई कशात आहे ते. माझ्याकडं स्टँडजवळ दुसऱ्याचा नाणं टाकून वजन सांगणारा काटा होता, त्याला दरवर्षी वैधमापनवाल्यांचा शिक्का मारून घ्यायला लागायचा, मालकानं पहिल्या वर्षी घेतला, नंतर फोनच उचलेना. शेवटी मीच भरले. तेव्हा नुसती गाडी घ्या, परवाना कुणी काढायचा, पोराला लागलं तर कुणी बघायचं हे स्टँपवर लिहून घ्या. आणि फी कुणी तोंडी सांगितली तर पावती मागा, नाहीतर दहा रुपयांचं तिकीट लावून माहिती अधिकारात दराचा तक्ताच मागवा.
बाकी आपल्याकडं दहाचं नाणं घेतंय कोण?

विश्रामबागकर:
तेच तर! रिझर्व्ह बँकेनं 2018 लाच सांगितलं की चौदाच्या चौदा डिझाइन चालतात, तरी गिऱ्हाईक हात लावत नाही. बरणीभर पडलीत. म्हटलं मशीन आली तर सुट्टे म्हणून पोरांच्या हातात तरी खपतील.