आणीबाणीसाठी ठेवलेली काडेपेटी, लायटर आणि चकमक कशी सांभाळावी?

प्रश्न
भटकंतीच्या पाठपिशवीत मी काडेपेटी, गॅसचा लायटर, फेरोसेरियमची (घासल्यावर ठिणग्या देणाऱ्या मिश्रधातूची) चकमक, व्हॅसलीन लावलेला कापूस आणि थोडा कापूर एकाच डबीत ठेवतो. दमट हवेत काही महिने ही डबी तशीच राहिली आणि आता काड्या घासल्या की गूल भुगा होऊन गळतो, तर चकमकीच्या कांडीवर पांढरट भुकटी जमली आहे. हे सारे टाकून द्यावे का, आणि पुढे कोणती काळजी घ्यावी?

प्रतिसाद १
काड्या टाकून द्या. सादळलेली काडी वाळवल्यावर कधीकधी पेटते, पण आणीबाणीत तिच्यावर विसंबता येत नाही. काड्यांपेक्षाही काडेपेटीच्या घासायच्या पट्टीकडे अधिक दुर्लक्ष होते. नेहमीच्या सुरक्षित काडीच्या गुलात पोटॅशियम क्लोरेट असते आणि तांबडा फॉस्फरस पट्टीवर असतो, त्यामुळे पट्टी ओलावून मऊ पडली की कोरड्या काड्याही निरुपयोगी ठरतात. पट्टी कापून वेगळ्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवावी, म्हणजे प्रवासात गूल तिच्यावर घासला जाण्याचा धोकाही टळतो.

प्रतिसाद २
चकमक मात्र टाकू नका. ती भुकटी म्हणजे धातूचा गंज आहे. पोलादी पात्याच्या धारदार कडेने ती खरवडून काढा. खालचा चकचकीत धातू दिसू लागला की पूर्वीसारख्या ठिणग्या पडतील. ओलावा आणि विशेषतः मीठ या मिश्रधातूला खाते, म्हणून कांडी कोरडी करून तिच्यावर नेलपॉलिशचा पातळ थर द्यावा आणि वापरण्याआधी तो खरवडावा. लायटरची कळ सामानाखाली दाबली जाऊन गॅस निघून जातो, त्यामुळे कळीखाली अडसर घालावा आणि गॅसची पातळी बाहेरून दिसेल असाच लायटर घ्यावा. ब्युटेन शून्य अंशाच्या जरा खालीच उकळतो, म्हणजे कडाक्याच्या थंडीत त्याची पुरेशी वाफ होत नाही. अशा वेळी लायटर आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवलेला बरा. गॅस संपला तरी त्याचे चाक ठिणग्या देते, हेही ध्यानात असू द्यावे.

प्रतिसाद ३
कापराविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. कापूर न वितळता हवेत उडून जातो, त्यामुळे सैल झाकणाच्या डबीत तो हळूहळू झिजत जातो. मुख्य भरवसा व्हॅसलीनच्या कापसावरच ठेवावा, मात्र उन्हात व्हॅसलीन पातळ होऊन पाझरते, तेव्हा तो स्वतंत्र डबीत हवा. ठिणगीने पेटवताना बोळा तसाच ठेवू नये, तर बोटांनी उसवून त्याचे कोरडे तंतू मोकळे करावेत. डबीच्या झाकणाचे रबरी कडे कडक झाले किंवा चिरले असेल तर ते बदलावे. दर ऋतूच्या सुरुवातीला प्रत्येक वस्तूने मोकळ्या, सुरक्षित जागी एकदा खरोखर जाळ करून पाहावा, आणि तोही थंड ओल्या हातांनी, कारण गरज पडेल तेव्हा हात बहुधा तसेच असतील.