कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाच्या दरीत गाडीने जायला आगाऊ आरक्षण हवं की नको?

सह्यकन्या: हवंच. उन्हाळ्यात तरी हवंच. २०२२ मध्ये आरक्षण होतं, २०२३ मध्ये काढलं, २०२४ मध्ये पुन्हा लावलं. नियम बदलला की आपल्या बे एरियातल्या (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या) मंडळींत तोच वाद सुरू होतो, म्हणून धागा काढला.

दरी जेमतेम सात मैल लांब आणि रुंदीला फार तर मैलभर. दोन्ही बाजूंना ग्रॅनाइटचे ताशीव कडे, त्यातला एल कॅपिटन एकटाच तळापासून ३,००० फूट उंच. रस्ते वाढवायला जागा नाही आणि वाढवूही नयेत. २०१६ साली उद्यानात ५० लाखांवर माणसं आली, आणि बहुतेकांना बघायची असते ती हीच दरी.

गेल्या खेपेस योसेमिटी धबधब्याजवळ गाडी लावायला जागा शोधत आम्ही घिरट्या घालत होतो. पुढच्या माणसाने कंटाळून सरळ कुरणात चाकं घातली. त्याचं बघून मागच्या दोघांनीही तेच केलं. मे महिन्यातलं ओलं कुरण, काळी माती टायरखाली पिळून वर येत होती. अशी माती दबली की तिथे गवत धड उगवत नाही. हे बघूनही 'सगळ्यांना सोडा' म्हणणं मला पटत नाही.

फ्रेस्नोकर: साफ विरोध. आमच्या फ्रेस्नोहून दरी दोन तासांवर. इथे द्राक्षमळ्यांत आणि गोदामांत राबणाऱ्यांना रविवारची सुट्टी मिळणार की नाही हे शनिवारी कळतं. २०२४ मध्ये सकाळी आठच्या ठोक्याला संगणकापुढे बसून जागा पटकावणारे कोण होते? तुम्ही-आम्ही, ऑफिसात खुर्चीवर बसणारे. आरक्षणाला तेव्हा लागणारे दोन डॉलर हा प्रश्न नाही. १८६४ मध्ये लिंकनच्या सहीने ही दरी राखली गेली ती जनतेच्या वापरासाठी आणि विरंगुळ्यासाठी, असं त्या कायद्यातच आहे. त्या जनतेत शेतमजूर येत नाहीत का?

रानवाटा: जनतेचा विषय निघालाच आहे तर १८५१ पण आठवा. मरिपोसा बटालियन या सशस्त्र तुकडीने इथल्या मूळ रहिवाशांना, म्हणजे 'अहवाहनीची' जमातीला, याच दरीतून हुसकावलं. 'सर्वांसाठी खुली' हे तेव्हापासूनच अर्धसत्य आहे.

सह्यकन्या: फ्रेस्नोकर, २०२४ मध्ये काही जागा सात दिवस आधी सुटत होत्या आणि दुपारी चारनंतर आरक्षण लागतच नव्हतं. जूनमध्ये चारनंतरही भरपूर उजेड असतो. हाफ डोमच्या कड्यावरचं उतरतं ऊन त्याच वेळी बघावं.

फ्रेस्नोकर: दोन लहान मुलं घेऊन चारला आत, रात्री घाटातून परत, सोमवारी पहाटे कामावर. जमेल तुम्हाला?

नलूमावशी: मी सह्यकन्येच्या बाजूने. मुलाकडे आले की आम्ही जातोच. योसेमिटी धबधब्याच्या खालच्या टप्प्याची, लोअर फॉलची वाट सपाट आहे, माझ्या गुडघ्यांनाही झेपते, आणि पुलावर उभं राहिलं की तुषारांनी चष्मा भिजतो. पण २०२३ च्या उन्हाळ्यात आत शिरताना रांगेत इतका वेळ गेला की यांचे हाल झाले. यांना मधुमेह आहे, सारखं जावं लागतं. दरवाजे बंद करून गाडीत बसलेल्या म्हाताऱ्या माणसाने जायचं कुठे? वाद घालताना याचा कोणी विचार करत नाही.

लालडबा: मावशींशी सहमत, पण उपाय वेगळा. खाजगी गाड्या दरीबाहेरच थांबवा. मर्सेड गावापर्यंत ॲमट्रॅकच्या रेल्वेने या, तिथून १४० नंबरच्या रस्त्याने यार्ट्स या सार्वजनिक सेवेची बस थेट दरीत जाते. आत शटल फुकट. बसने येणाऱ्याला गेल्या वेळी वेगळं आरक्षणही लागत नव्हतं.

फ्रेस्नोकर: बसही त्याच रांगेत अडकते. शिवाय बर्फपेटी, शेगडी, बाळाची गाडी बसमध्ये कशी चढवायची? आणि सगळ्यांत मोठी अडचण पाण्याची. धबधबे वितळत्या बर्फावर चालतात. मे-जूनमध्ये भरात असतात, ऑगस्टमध्ये योसेमिटी धबधब्याचा कडा बहुतेक कोरडा. आरक्षण हुकलं म्हणून आमच्या लोकांनी कोरडा कडा बघायचा? निदान काही जागा त्याच दिवशी फाटकावर द्या.

सह्यकन्या: फाटकावर जागा ठेवल्या की त्या आशेने पहाटेपासून आर्च रॉकच्या प्रवेशद्वाराबाहेर रांग लागेल आणि मावशींची यजमानांसकट तीच परवड होईल. त्यापेक्षा आदल्या संध्याकाळी फोनवर काही जागा सोडा. शनिवारी सुट्टी कळणाऱ्यालाही त्या मिळतील.

फ्रेस्नोकर: फोनवर, आणि स्पॅनिशमधूनही. मग बोलू.