मदत हवी आहे: अंडाशयाचा कॅन्सर, आईचे दंड-मांड्या उतरायल्यात, काय खाऊ घालावं?

नमस्कार. आम्ही लातूरजवळच्या खेड्यातले, मी थोरली लेक. आई 57 वर्षांची, केमोचे (पॅक्लिटॅक्सेल-कार्बोप्लॅटिन) 3 डोस झाले, 21 दिवसाला एक. आता ऑपरेशन, पण डॉक्टर म्हणले आधी ताकद येऊ द्या. सुरुवातीला पोटात पाणी होतं त्यामुळं काटा 58 दाखवायचा, घरात सगळे म्हणायचे तब्येत तर बरी आहे की. पाणी काढल्यावर 53 आणि आता 47. पाटल्या कोपरापर्यंत सरकतेत, ब्लाऊज दोनदा टाचला, उठताना जमिनीला हात टेकावा लागतो. गावातल्या बाया येऊन सांगतेत दूध-साखर बंद करा, कॅन्सरलाच खाऊ घालायलाव तुम्ही. (बोलायला काय जातंय!) डोसनंतर आठ दिवस तोंडाला लोखंडासारखी चव, मग अर्धी भाकरी आणि वरणाचं पाणी. माळकरी आहे, अंडं चालत नाही. प्रोटीन पावडर द्यावी का? झोपू द्यावं का चालवावं?

प्रतिसाद: ताई, माझ्या सासूबाईंचं गर्भाशयाचं होतं, तेव्हा आहारतज्ज्ञ बाईंनी समजावलेलं सांगते. हे उपासानं चरबी उतरते तसलं नाही. कॅन्सरमुळं अंगात आतून दाह राहतो, शरीर स्नायूच मोडून वापरायला लागतं, त्यात पडून राहिलं की अजून झिजतात. 6 महिन्यांत 5 टक्क्यांवर वजन गेलं की डॉक्टरांच्या कानावर घालायचंच, तुमच्या आईचं तर 11 टक्के गेलंय. किलोमागं 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रोटीन धरतेत, म्हणजे 47 किलोला 56 ते 70 ग्रॅम. वरणाच्या पाण्यात ते कुठून येणार हो, डाळ तर खाली राहते! घट्ट वरण द्या, दूध, पनीर, शेंगदाण्याचा कूट, आणि सोयाबीन. 50 ग्रॅम कोरड्या सोयावड्यांत 25 ग्रॅमच्या आसपास मिळतं. दर दोन तासाला थोडं थोडं, स्टीलचा चमचा सोडून लाकडी. डॉक्टर हो म्हणले तर खुर्चीतून उठ-बस 5-5 वेळा. पावडर क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघून, विचारूनच. आणि पोट परत फुगलं तर काटा वाढलेला दिसेल, त्याला भुलू नका, टेपनं दंड मापत जा.

मापला ताई, 21 सेंटीमीटर भरला. सोयाबीन तर आमच्याच रानातलं, पोत्यानं आडतीला घालतोव, घरात कुणी तोंडात घालत नाही बघा. भाकरीच्या पिठात मिसळायचं तर आधी भाजून दळायचं का उकडून वाळवून?